चाळीस टक्के स्वस्त, पण कशाच्या मानाने?

पत्र थोडक्यात: इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहणारे एक वाचक लिहितात. वय ३७, आयटीत नोकरी, पेन्शनची वर्गणी वजा जाऊन पगार वर्षाला ५८,००० पौंड. पत्नी एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, फिजिओथेरपिस्ट, आठवड्याला तीन दिवस काम. मुलगी चार वर्षांची, दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे. सध्या भाड्याचा फ्लॅट, पुढच्या वर्षी घर घ्यायचंय. दारात २०१५ची पेट्रोलवरची टोयोटा यारिस आहे, ती वर्षाला जेमतेम ६,००० मैल चालते. पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग सगळं धरून तिचा महिन्याचा खर्च १७० पौंड, त्यात पेट्रोलचे ७०. ऑफिसात सॅलरी सॅक्रिफाइसवर इलेक्ट्रिक गाडी देणारी योजना आली आणि टीममधल्या सात जणांपैकी पाच जणांनी गाड्या घेतल्यासुद्धा. यांना ४०,००० पौंड किमतीच्या गाडीसाठी महिना ६०० पौंडांचा कोट मिळालाय. "कर वाचून ती चाळीस टक्के स्वस्त पडते, इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग सगळं त्यातच. न घेणं म्हणजे सरकारला फुकट पैसे देणं. बायको म्हणते, आपल्याकडे गाडी आहे. एक मित्र म्हणतो, वहिनींच्या एनएचएसच्या योजनेतून घ्या. तीन आठवडे घरात हाच विषय आहे. काय करावं?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नव्या गाडीची रेंज, डिकी, स्क्रीन, कोणता रंग किती आठवड्यांत मिळतो, सगळं त्यात आहे. यारिसला काय झालंय, ते मात्र कुठेच नाही. ती बंद पडते का? मुलीची सीट बसत नाही का? आईवडील भारतातून आले की जागा पुरत नाही का? तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे ती बिचारी चालतेय असं मी धरते.

आधी ही भानगड काय आहे ते इतर वाचकांसाठी सांगते, कारण याच विषयावर या वर्षात आलेलं हे पहिलं पत्र नाही. तुम्ही पगाराचा काही भाग करारानेच सोडून देता, त्या पैशात कंपनी गाडी लीजवर घेते आणि तुम्हाला वापरायला देते. सोडलेल्या पगारावर इन्कम टॅक्स नाही आणि नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी, तीही नाही. बदल्यात गाडी ही 'बेनिफिट इन काइंड' धरली जाते आणि तिच्या छापील किमतीच्या ठरावीक टक्क्यांवर कर लागतो. एप्रिल २०१७मध्ये सरकारने असल्या बहुतेक योजनांची हवा काढून घेतली, पण पेन्शन, सायकल आणि फार कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांना सूट ठेवली. २०२०-२१मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक गाडीसाठी हा टक्का चक्क शून्य होता. मग १, मग तीन वर्षं २, आणि २०२५-२६मध्ये ३.

या गाड्या एवढ्या पसरल्या त्याचं हे एक कारण. दुसरं कमी बोललं जातं. चाळीस टक्के कर जिथून सुरू होतो ती ५०,२७० पौंडांची रेघ २०२१पासून हललेली नाही, आणि २०३१पर्यंत हलणार नाही असं सरकारने जाहीर केलंय. पगार वाढले, रेघ तिथेच. त्यामुळे तुमच्यासारखी पुष्कळ माणसं नकळत चाळीस टक्क्यांत आली आणि पेस्लिप बघून हळहळायला लागली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये ज्या नव्या गाड्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच या हळहळीतून आलेल्या आहेत. कंपन्याही उगाच उदार झालेल्या नाहीत. एप्रिल २०२५पासून मालकाला तुमच्या पगारावर १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स भरावा लागतो. तुम्ही ७,२०० पौंड सोडलेत की त्यांचे १,०८० वाचतात. गाडीवरच्या बेनिफिटसाठी त्यांतले २४० परत भरावे लागतात, उरलेले खिशात. काही कंपन्या ही रक्कम कोटमध्ये उतरवतात, काही ठेवून घेतात. तुमची काय करते ते एचआरला विचारा. विचारायला लाजू नका, पैसा तुमच्याच पगारातून निघालेला आहे.

आता तुमचा हिशेब. महिना ६०० म्हणजे वर्षाला ७,२००. तुमचा पगार ५०,८००वर येतो, अजूनही रेघेच्या वरच. म्हणजे सगळ्या रकमेवर ४० टक्के इन्कम टॅक्स आणि २ टक्के नॅशनल इन्शुरन्स वाचतो. ६००चे ३४८ झाले. इथपर्यंत योजनेचा माणूस खरं बोलला. पण २०२६-२७मध्ये बेनिफिटचा टक्का ४ आहे. ४०,०००चे ४ टक्के १,६००, त्यावर चाळीस टक्के कर म्हणजे वर्षाला ६४०, महिन्याला ५३. एकूण ४०१. हा टक्का पुढे ५, मग ७, आणि २०२९-३०मध्ये ९ होणार, हेही जाहीर झालेलं आहे. त्या वर्षी तुमचे ५३चे १२० होतील आणि गाडी ४६८ला पडेल. ६००चा आकडा करारात बांधलेला असतो, हा कर बांधलेला नसतो. तो टॅक्स कोडमधून, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते ठरवणाऱ्या कोडमधून, गुपचूप कापला जातो. त्यामुळे चार वर्षांचा कोट तीन वर्षांपेक्षा स्वस्त दिसला, तरी शेवटच्या वर्षाची बेरीज स्वतः करून बघा. शिवाय एप्रिल २०२८पासून इलेक्ट्रिक गाड्यांना मैलामागे ३ पेन्स कर लागू करायचं ठरलंय. तुमच्या ६,००० मैलांना तो वर्षाला १८० पौंड होतो. तो लीज कंपनी भरणार की तुम्ही, हे आजच लेखी घ्या.

तरीही ४०१ पौंडांत नवीकोरी गाडी, इन्शुरन्ससकट, हा वाईट सौदा नाही. तीच गाडी तुम्ही बाहेरून लीज केलीत तर कर भरून उरलेल्या पैशातून पूर्ण रक्कम द्यावी लागेल. योजना फसवी आहे असं मी म्हणणार नाही.

मला खटकतो तो तुमचा 'चाळीस टक्के स्वस्त' हा शब्द. कशाच्या मानाने स्वस्त? बाहेरून घेतलेल्या त्याच गाडीच्या मानाने. पण ती गाडी तुम्ही बाहेरून घेणारच नव्हता! तुमच्यापुढे पर्याय आहे यारिसचा, महिना १७० पौंडांचा. लक्ष्मी रोडवर आषाढ सेलमध्ये माझी मावशी चाळीस टक्के सूट मिळाली म्हणून चार साड्या घेऊन यायची. काका दारातच विचारायचे, "वाचवलेले पैसे कुठे आहेत, दाखव." तुमची पत्नी हाच प्रश्न जरा सभ्यपणे विचारते आहे.

आणि ४०१वर थांबू नका, गाडीला वीज लागते. इथे तुमचं पत्र अगदीच गप्प आहे. फ्लॅटला ड्राइव्हवे (दारात गाडी लावायची स्वतःची जागा) नाही, म्हणजे घरी चार्जर नाही असं मी समजते. इलेक्ट्रिक गाडीची सगळी किफायत रात्रीच्या विजेवर उभी आहे. घरचा चार्जर आणि रात्रीचा खास दर असेल तर युनिट दहा पेन्सच्या आत मिळतं, आणि तुमचे ६,००० मैल महिन्याला १०-१५ पौंडांत होतात. तेच मैल हायवेवरच्या जलद चार्जरवर ७५ पेन्सने भरलेत तर महिन्याला १०७ पौंड. तुमचं पेट्रोल ७०चं आहे! रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला लावलेल्या संथ चार्जरवर ५० पेन्सच्या आसपास दर मिळाला तर पेट्रोलशी बरोबरी होते, बस. यात व्हॅटचा वाटा आहे: घरच्या विजेवर ५ टक्के, बाहेरच्या चार्जरवर २०. म्हणजे ज्याच्याकडे ड्राइव्हवे आहे त्याला स्वस्त आणि फ्लॅटवाल्याला महाग. हा अन्याय आहे आणि त्यावर बरंच बोलण्यासारखं आहे, पण ते पुन्हा कधी. ऑफिसात चार्जर आहे का ते बघा. तिथे फुकट चार्ज करू देत असतील तर त्यावर कर लागत नाही, आणि तुमचं गणित बरंच सुधारेल.

थोडक्यात, आज फ्लॅटमध्ये राहून ही गाडी घेतलीत तर महिन्याला ४८०च्या आसपास जातील, म्हणजे यारिसपेक्षा ३००-३१० जास्त. वर्षाला साडेतीन हजारांवर. यारिस विकून थोडे पैसे येतील, ते वजा करा. पण हे 'वाचवणं' नव्हे, हा खर्च आहे. खर्च करायला काही हरकत नाही. हौसेला मोल नसतं, आणि पाच सहकाऱ्यांच्या चकचकीत गाड्यांशेजारी अकरा वर्षांची यारिस लावताना मनात काहीतरी होतं, हे मला कळतं. पण मग घरात तसं म्हणा: "मला ही गाडी हवीशी वाटते." त्या वाक्यावर तुमचा वाद तीन आठवडे चालला नसता.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र निवडलं तिकडे येते. तुम्ही पुढच्या वर्षी घर घेणार आहात. सॅलरी सॅक्रिफाइसमध्ये तुमचा करारातला पगार खरोखर कमी होतो. बँक तुमची पेस्लिप बघते. कर्ज देताना पगाराच्या साडेचार पट हा ढोबळ हिशेब धरला, तर ७,२०० पौंडांची घट म्हणजे ३२,४०० पौंडांनी कमी कर्ज. रेडिंगच्या आसपास एवढ्या फरकात दोन बेडरूमचं घर तीन बेडरूमचं होऊ शकतं, किंवा ड्राइव्हवे असलेलं मिळू शकतं. सगळ्या बँका एकसारखं मोजत नाहीत, म्हणून कुठलीही सही करण्याआधी मॉर्गेज ब्रोकरला दोन्ही आकडे देऊन विचारा. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने गाडी जानेवारीत घेतली आणि घर मार्चमध्ये बघायला निघालं. गाडी सुंदर आहे. घर अजून भाड्याचंच आहे.

मित्राच्या सूचनेकडे वळू. वहिनींच्या नावावर घ्यायची म्हणजे फायद्यातली गोष्ट तोट्यात नेणं. त्या वीस टक्क्यांच्या पट्टीत आहेत, त्यांचे ४२ऐवजी २८ टक्केच वाचतील. शिवाय सॅक्रिफाइसनंतर रोख पगार किमान वेतनाखाली जाऊ देता येत नाही, त्यामुळे अर्धवेळ नोकरी करणाऱ्यांना मुळात कमीच जागा असते. पण मोठी गोष्ट पेन्शनची. एनएचएसच्या पेन्शनमध्ये गाडीसाठी सोडलेला पगार पेन्शनपात्र राहत नाही. २०१५च्या योजनेत दरवर्षी त्या वर्षीच्या पेन्शनपात्र पगाराचा ५४वा भाग पेन्शनमध्ये जमा होतो. महिना ४०० पौंडांची छोटी गाडी घेतली तरी वर्षाचे ४,८०० सुटले, म्हणजे वर्षाला ८९ पौंडांची पेन्शन गेली. तीन वर्षांच्या लीजमध्ये २६७ पौंडांवर पाणी, आणि तेही निवृत्तीनंतर दरवर्षी, हयातभर. वर्गणी थोडी कमी कापली जाईल हे खरं, पण असली पेन्शन आज बाहेर विकत मिळत नाही.

त्यात तुम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करताय. हे फक्त तुम्हाला नाही, ज्या ज्या वाचक बाळंतपणाच्या आधी अशी गाडी घ्यायच्या विचारात आहेत त्या सगळ्यांना सांगते. कायद्याने मिळणाऱ्या मॅटर्निटी पेचे पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्क्यांवर ठरतात, आणि ती सरासरी बाळंतपणाच्या कितीतरी आधीच्या साधारण आठ आठवड्यांच्या पगारावरून काढतात. त्या काळात सॅक्रिफाइस चालू असेल तर सरासरीच खाली येते. रजेवर असताना गाडी सहसा काढून घेत नाहीत, पण तेव्हाचे पैसे कोण भरतं, नंतर वसूल होतात का, हे प्रत्येक योजनेत वेगळं असतं. वाचूनच सही करा.

नोकरी बदलण्याचं काय? गाडी कंपनीच्या नावावर असते, तुमच्याबरोबर नव्या ऑफिसात येत नाही. कामावरून कमी केलं तर बऱ्याच योजना दंड लावत नाहीत. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर मात्र हिशेब बदलतो. आयटीतली माणसं तीन-चार वर्षं एका जागी बसतात का, ते तुम्ही मला सांगा. आणि जे वाचक अजून स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत त्यांनी दुहेरी विचार करावा. नोकरी गेली की नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवसच मिळतात. त्या दोन महिन्यांत गाडी परत करण्याचं आणि त्याच्या बिलाचं लचांड कोणाला हवंय? पगार कमी केल्याने व्हिसाच्या पगाराच्या अटीवर काय परिणाम होतो, हेही एचआर आणि इमिग्रेशनच्या वकिलाकडून आधी लेखी घ्या.

परत करण्यावरून आठवलं. आमच्या घरी नवऱ्याच्या ऑफिसमार्फत अशीच गाडी तीन वर्षं होती. आम्ही ती फुलासारखी जपली असं मला वाटत होतं. न्यायला आलेल्या माणसाने टॉर्च घेऊन चाकांच्या रिम बघितल्या, आणि पंधरा दिवसांनी चार रिमांच्या ओरखड्यांचं बिल आलं. कबूल केलेल्या मैलांपेक्षा जास्त चालवल्याचं वेगळं. सासूबाई आल्या होत्या त्या उन्हाळ्यात आम्ही स्कॉटलंड पालथं घातलं होतं, ते मैल कोणी मोजले होते? तेव्हापासून मी फुटपाथजवळ गाडी लावताना श्वास रोखते. तुमच्या करारात मैल किती धरलेत आणि जादा मैलाचा दर काय, ते बघा.

एवढं सगळं सांगितल्यावर हेही सांगते की ही योजना काही माणसांसाठी खरोखर उत्तम आहे. ज्यांना गाडी लागणारच आहे, घरी चार्जर आहे, वर्षाला दहा-बारा हजार मैल होतात, घर घेऊन झालंय आणि पगार चाळीस टक्क्यांच्या पट्टीत बऱ्यापैकी आत आहे, त्यांनी जरूर घ्यावी. एक लाख पौंडांच्या थोडं वर पगार आणि लहान मुलं असलेल्यांनी तर आज संध्याकाळीच हिशेब करावा. एक लाखापासून १,२५,१४०पर्यंत करमुक्त रक्कम हळूहळू काढून घेतात, त्यामुळे त्या पट्ट्यात नॅशनल इन्शुरन्ससकट ६२ टक्के जातात. शिवाय आईवडिलांपैकी एकाचंही उत्पन्न एक लाखाच्या वर गेलं की नर्सरीचे आठवड्याला तीस फुकट तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर ही मुलं सांभाळण्याच्या खर्चाला मिळणारी सरकारी मदत, दोन्ही बंद. अशा घरात गाडी जवळजवळ फुकट पडू शकते. फक्त बेनिफिटची रक्कम उत्पन्नात मोजली जाते हे विसरून अगदी ९९,९००वर बेत आखू नका.

आणि फक्त कर वाचवायची खुमखुमी असेल तर तेच पैसे पेन्शनमध्ये टाकून बघा. तिथेही ४२ टक्के वाचतात, बेनिफिटचा कर नाही, आणि पैसा तुमचाच राहतो. सॅलरी सॅक्रिफाइसने टाकलेल्या पेन्शनवरची नॅशनल इन्शुरन्सची सूट एप्रिल २०२९पासून वर्षाला २,००० पौंडांपुरतीच राहणार आहे, पण इन्कम टॅक्सची राहते. अर्थात पेन्शनमध्ये बसून मुलीला शाळेत सोडता येत नाही. आणि घराच्या ठेवीसाठी पैसे जमवायचे असतील तर तिथे अडकलेला पैसाही कामाचा नाही. तुमच्या बाबतीत या वर्षी तो ठेवीसाठीच साठवावा असं मला वाटतं.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला: या वर्षी सही करू नका. योजना पुढच्या वर्षीही असेल. टक्का एकाने वाढेल, म्हणजे तुम्हाला महिन्याला १३ पौंड. त्याच्या बदल्यात ३२,०००चं कर्ज हातचं जाऊ द्यायचं नाही. घर बघताना ड्राइव्हवे ही अट वरच्या तीनांत ठेवा. घर झालं, चार्जर लागला आणि यारिस थकली, की तुमच्या नावावर दोन किंवा तीन वर्षांची लीज घ्या, ४०,०००ऐवजी ३०,०००ची गाडी बघा, कारण बेनिफिटचा कर छापील किमतीवर आहे. काही योजनांत आता वापरलेल्या इलेक्ट्रिक गाड्याही मिळतात, त्यांचे हप्ते कमी असतात. पण तिथेही कर मोजताना गाडी नवी असतानाचीच छापील किंमत धरतात, त्यामुळे तीन वर्षं जुनी भारी गाडी दिसते तितकी स्वस्त पडत नाही. आणि घर लांबलं, बाळ आधी आलं आणि मोठी गाडी खरंच लागली, तर तीन-चार वर्षं जुनी गाडी सरळ विकत घ्या. करारातल्या पगाराला हात लागत नाही.

पत्नीला हे पत्र दाखवा, पण "बघ, तू बरोबर होतीस" असं नाट्यमय काही बोलू नका, तिला ते तीन आठवड्यांपासून माहीत आहे. आणि यारिसची एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी, कधी आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती आधी बुक करा.